बांगडा मोरीच्या जवळचा की आपल्या? सजीवांचं नातं कसं बघायचं

प्रश्न असा आलाय की सेकंड इयर बीएस्सीला फायलोजेनीचं, म्हणजे सजीवांच्या वंशवृक्षाचं, युनिट आहे, पुस्तकात झाडासारख्या आकृत्या दिल्यात, पण दोन सजीव 'जवळचे' म्हणजे नेमकं काय तेच कळत नाही. दिसण्यावरून ठरतं की डीएनएवरून? आकृतीत शेजारी शेजारी लिहिलेत म्हणजे जवळचे का? आणि शेवटी नेहमीचा, माणूस माकडापासून झाला तर माकडं अजून का आहेत.

मी गोव्यात फोंड्याकडे एका कॉलेजात सव्वीस वर्षं झूलॉजी शिकवतेय, त्यातली वीसेक वर्षं हे युनिट माझ्याच गळ्यात आहे, त्यामुळे उत्तर लांबणार, आधीच सांगते. आणि तुला तू म्हणते, चालेल ना, माझी मुलं तुझ्याच वयाची असतात.

पहिल्या दिवशी मी फळ्यावर तीन नावं लिहिते. मोरी, म्हणजे शार्क, बांगडा, आणि पहिल्या बाकावर जो कोण बसलाय त्याचं नाव. आणि विचारते यातले जास्त जवळचे दोघं कोण. अख्खा वर्ग एका दमात, मिस, मोरी आणि बांगडा, दोन्ही मासेच की. चूक. बांगडा मोरीपेक्षा त्या पहिल्या बाकावरच्या मुलाच्या जवळचा. वर्ग हसतो, त्या मुलाला वर्षभर बांगडो म्हणून हाक मारतात, पण मुद्दा डोक्यात बसतो तो बसतोच.

झालं असं की कूर्चेचा सांगाडा असलेले, म्हणजे मोरी, वागळी वगैरे, त्यांचा फाटा ४२ कोटी वर्षांच्याही आधी वेगळा झाला. उरली ती हाडवाल्यांची फांदी. तिला पुढे परत दोन फाटे फुटले, एकावर बांगडा, तारली, इसवण, पापलेट, लेपो, आणि दुसऱ्यावर फुप्फुसं असलेले काही मासे, मग बेडूक, पाल, मगर, कोंबडी, गाय, तू आणि मी. म्हणजे बांगड्याचा आणि आपला शेवटचा एक पूर्वज हा मोरी वेगळी झाल्यानंतरचा आहे. मोरीला गाठायला आपल्या दोघांनाही आणखी मागे जावं लागतं, आणि दोघांनाही सारखंच मागे. नातं जवळचं म्हणजे एवढंच, शेवटचा सामाईक पूर्वज किती अलीकडचा. बाकी सगळं मागाहून.

हे गोव्यातल्या पोरांना खरं तर वेगळं शिकवायला नको. तुमच्या गावच्या गावकरीत, कोमुनिदादीत, म्हणजे गावाची जमीन सामाईक सांभाळणाऱ्या संस्थेत, वांगडं असतात ना? एक मूळ पुरुष, त्याचे मुलगे, त्यांचे मुलगे, असं करत करत आज जोण, म्हणजे गावकरीच्या उत्पन्नातला वाटा, घेणारे सगळे मिळून एक वांगड. मुलींना त्यात धरत नाहीत, तो राग सध्या बाजूला ठेवते, पुढे एका जागी त्याची परतफेड होणार आहे. तर दोघांचं नातं आपण कसं सांगतो? आजोबा एक असले तर चुलत, पणजोबा एक असले तर जरा लांबचे, आणि सात पिढ्यांमागे कुठेतरी जुळत असेल तर सुतक लागतं की नाही एवढ्यापुरतं आठवायचं. कोण कोणासारखा दिसतो, कोण दुबईला आहे, कोणाचं घर कोणाच्या घराला लागून आहे, याने भाऊबंदकी बदलत नाही. झाडाच्या आकृतीत पण हेच. टोकाला आजचे सजीव. प्रत्येक फाटा, ज्याला नोड म्हणतात, म्हणजे एक पूर्वज. एक पूर्वज आणि त्याचे सगळेच्या सगळे वंशज, एकही न गाळता, म्हणजे क्लेड. पूर्ण वांगड.

फसगत होते ती आडनावात. गोव्यात कितीतरी आडनावं गावावरून पडलीत, काकोड्याचा तो काकोडकर, चोडणचा तो चोडणकर. दोन चोडणकर भेटले म्हणजे ते एका रक्ताचे असतीलच असं नाही, गाव एक एवढंच समजायचं. उलट एकाच मूळ घरातले लोक कारवारला गेले, मंगळूरला गेले, पार केरळात गेले, आडनावं बदलली, घरात बोलायची तऱ्हा बदलली, तरी कुळावी म्हणून कुळदेवाला इथेच येतात. म्हणजे साम्य असून नातं नाही आणि नातं असून साम्य नाही, दोन्ही प्रकार आपल्या डोळ्यांसमोर आहेत.

आता खऱ्या चोडणकरांकडे येऊ, म्हणजे चोडणच्या खारफुटीकडे. मी दरवर्षी पोरांना फेरीने पलीकडे सलीम अली अभयारण्यात घेऊन जाते, ओहोटीच्या वेळी, आणि चिखलाच्या कडेला उभं करून सांगते बघा नुसतं, दहा मिनिटं काही लिहायचं नाही. पहिल्यांदा सगळं एकसारखंच हिरवं दिसतं. मग हळूहळू कळायला लागतं. कांदळ बघ, खोडातून कमानीसारखी मुळं बाहेर येऊन चिखलात रोवलेली, आणि फांद्यांना लांब शेंगा लोंबतायत असं वाटतं, पण ती शेंग नाही, झाडावर असतानाच रुजलेलं रोप आहे ते, सुटलं की चिखलात रुततं नाहीतर पाण्याबरोबर वाहत जाऊन दुसरीकडे लागतं. तिवराच्या भोवती चिखलातून बारीक बारीक पेन्सिली उभ्या, ती त्याची श्वास घेणारी मुळं. चिपीची पण तशीच वर येणारी मुळं, पण जाड, खाली रुंद वर निमुळती. तिघांचा प्रश्न एकच, खारं पाणी आणि खाली श्वास घ्यायला हवा नसलेला चिखल. पोरं म्हणतात मिस, एकाच फॅमिलीची झाडं दिसतात.

नाहीत. तिवर आहे अबोलीच्या कुळातलं. हो, तीच अबोली, जिचे वळेसर आपण केसात माळतो, आणि अडुळसा पण त्याच घरचा. पूर्वी तिवराला निरगुडीच्या कुळात घालायचे, काहींनी त्याचं वेगळं कुळच केलं होतं, डीएनए वाचायला लागल्यावर ते अबोलीच्या घरात जाऊन बसलं. चिपी आहे डाळिंबाच्या आणि मेंदीच्या कुळातली, आणि हे एकदा सांगितलं की डोळ्याला पण दिसतं, चिपीचं फळ हातात घेऊन बघ, त्याला चांदणीसारखा जाड पुष्पकोश चिकटून राहिलेला असतो, आणि मग डाळिंबाच्या डोक्यावरचा मुकुट आठव. कांदळाचं कुळ वेगळं, पण कुळाच्या वरची पायरी, म्हणजे गण, तो भिरंडीचा, म्हणजे कोकमाचा, आणि एरंडाचा जो आहे तोच. म्हणजे एकाच चिखलात भिरंडीचा एक नातेवाईक, अबोलीचा एक आणि डाळिंबाचा एक, तिघं वेगवेगळ्या घरातून येऊन तिथे राहिले आणि राहून राहून एकमेकांसारखे दिसायला लागले. खारफुटी हे आडनाव आहे, वांगड नाही. याला कन्व्हर्जन्स म्हणतात, मराठी पुस्तकात अभिसारी उत्क्रांती, आणि असा वेगवेगळ्या घरातून गोळा केलेला गट तो पॉलिफायलेटिक.

साम्याचा असाच धोका प्राण्यांत. पावसात सत्तरी तालुक्याकडे कुळागरात, म्हणजे पोफळीच्या बागेत, खणताना काळपट, कड्या कड्या असलेला, हात-पाय नसलेला एक प्राणी निघतो, लोक गांडूळ समजतात नाहीतर साप समजून मारून टाकतात. तो देवगांडूळ. त्याला कवटी आहे, दात आहेत, कणा आहे, म्हणजे गांडूळ नक्कीच नाही, आणि साप पण नाही, तो उभयचर आहे, त्याचे जवळचे नातेवाईक बेडूक. पाय दोन्ही घरांनी आपापले सोडले, सापांनी वेगळे आणि याने वेगळे. २००७ मध्ये यातली एक जात सत्तरीतल्या केरीहून विज्ञानाला नवीन म्हणून नोंदली गेली, नावच गेगेनिओफिस गोआएन्सिस. आपल्या नावाचा प्राणी आहे आणि आपण त्याला कुदळीने मारतो, असो.

डॉल्फिन पण तसाच. पणजीहून ट्रिपला गेलं की पर्यटक त्याला मासा म्हणतात, आपले बोटवाले पण म्हणतात, आणि आकार बघितला तर मोरीसारखाच आहे, पाठीवर पर, निमुळतं अंग. पण आज जिवंत असलेल्या प्राण्यांत त्याच्या आणि देवमाशांच्या सगळ्यात जवळचा कोण, तर हिप्पो. हे पहिल्यांदा डीएनएवाल्यांनी जोरात सांगितलं तेव्हा हाडं बघणारे लोक नाराज झाले होते, मग फॉसिलं मिळत गेली आणि ते पण खुर असलेल्या प्राण्यांकडेच बोट दाखवायला लागले. त्यातलं एक महत्त्वाचं आपल्याच देशातलं, जम्मूकडच्या कालाकोटच्या खडकांतलं इंडोह्यूस, बोक्याएवढा, बारीक पायांचा, हरणासारखा दिसणारा प्राणी, पण कानाचं हाड देवमाशांच्या धाटणीचं. २००७ मध्ये त्यावरचा पेपर आला तेव्हा मी तो वर्गात नेऊन वाचला होता, कोणी ऐकला की नाही देव जाणे.

मग तू म्हणशील साम्य बघायचंच नाही का? बघायचं, पण कुठलं ते निवडून. परीक्षेत मुलं सगळ्यात जास्त मार्क इथे घालवतात म्हणून नीट वाच. समज तुमच्या वांगडात प्रत्येक घरात जुनं तांब्याचं भाणं आहे, मूळ पुरुषापासून आलेलं. दोन घरांत भाणं आहे म्हणून ती दोन जास्त जवळची, असं म्हणता येईल का? नाही, ते सगळ्यांचंच होतं, कोणी विकलं, कोणी ठेवलं. पण मधल्या एका पणजोबाने काजूची भट्टी नवीन घातली आणि आता चार घरांत भट्टीचा धंदा आहे, तर ती चार त्या पणजोबाची, असा अंदाज बांधता येतो. मोरी आणि बांगड्याचे कल्ले, पर, पाण्यात राहणं, ते सगळं जुनं भाणं आहे. आपल्या पूर्वजांकडे पण होतं, आपण विकलं. त्यावरून मोरी-बांगडा जोडी ठरत नाही. फांदी ठरते ती नव्या गोष्टींवरून, ज्या एका पूर्वजात सुरू झाल्या आणि त्याच्याच वंशात राहिल्या. चार पाय ही बेडकापासून आपल्यापर्यंतची भट्टी, गर्भाभोवती पाण्याची पिशवी ही पाल, मगर, कोंबडी आणि आपली भट्टी, केस आणि दूध ही फक्त सस्तनांची. पुस्तकी नावं सिनापोमॉर्फी नव्याला आणि सिम्प्लेसिओमॉर्फी जुन्याला, ती पाठ कर, पण आधी भाणं आणि भट्टी लक्षात ठेव. हे पद्धतशीर मांडलं विली हेनिग नावाच्या जर्मन माणसाने, १९५० च्या त्याच्या पुस्तकात, तो माशांचा तज्ज्ञ होता, घरात घोंघावतात त्या माश्यांचा हं, मासळीचा नव्हे, माझ्या एका विद्यार्थ्याने पेपरात त्याला मत्स्यतज्ज्ञ करून टाकला होता.

जुनं कुठलं आणि नवं कुठलं हे मात्र दर वेळी सोपं नसतं. मोरीला हाड नाही, कूर्चा आहे, ती जुनी अवस्था आणि हाड नंतर आलं, असं आम्ही वर्षानुवर्षं शिकवलं. मग २०२० मध्ये मंगोलियातल्या एका चिलखती माशाच्या ४१ कोटी वर्षं जुन्या कवटीत आतलं खरं हाड दिसलं, आणि तो मासा मोरी आणि बांगडा वेगळे व्हायच्या आधीच खोडातून फुटलेल्या फांदीचा, म्हणजे कदाचित मोरीच्या घराण्यानेच हाड सोडलं असेल. झाड तेच राहिलं, त्यावरच्या एका खुणेची गोष्ट उलटली.

आता मगर. माझं माहेर दुर्भाटच्या बाजूचं, तिथे पौषात माणगे थापणी करतात, मानशीजवळ, म्हणजे पाणी अडवायच्या-सोडायच्या दारापाशी, बांधावर चिखलाची मगर थापायची, पाठीवर शिंपले खोचायचे आणि पूजा, की बाई आमच्या खाजनाला, म्हणजे खाडीकाठच्या बांध घातलेल्या शेताला, आणि माणसांना सांभाळ. कुंभारजुव्याच्या कालव्यात खऱ्या मगरी आहेतच, खाऱ्या पाण्यात राहायला शिकलेल्या. लहानपणी मला ती मोठी झालेली घोरपडच वाटायची, खवले, शेपटी, पोटावर सरपटणं. पण वांगड लावलं तर मगर घोरपडीच्या नाही, कोंबडीच्या जवळची. मगरीचं हृदय चार कप्प्यांचं, कोंबडीचं चार, घोरपडीचं तीन. मगर अंडी घालून राखण करते, आतून पिल्लांचा आवाज आला की घरटं उकरते, ही माया पण घोरपडीत दिसत नाही. मगरीच्या आणि पक्ष्यांच्या शेवटच्या सामाईक पूर्वजाला साधारण २५ कोटी वर्षं झाली, पाली आणि साप त्याच्याही आधी वेगळे झालेले. पक्षी तर सरळसरळ डायनोसॉरच्या फांदीचा उरलेला शेंडा आहेत.

मग शाळेतला 'सरपटणारे प्राणी' हा वर्ग काय झाला? पाल, साप, कासव, मगर एकत्र घेतले आणि पक्षी बाहेर ठेवले. म्हणजे चार भावांतला एक मुंबईला गेला, पैसे केले, बंगला बांधला, सूट घालायला लागला, म्हणून तुम्ही त्याला वांगडाच्या यादीतून काढलं. बाप तोच ना? असा पूर्वज एक पण काही वंशज गाळलेला गट म्हणजे पॅराफायलेटिक. 'मासे' हा शब्द पण तसलाच, माशांचं खरं वांगड करायचं म्हटलं तर त्यात तुला, मला आणि म्हशीला घ्यावं लागेल. बाजारात मासे म्हणायला काही हरकत नाही, कोणी कोळणीला पॅराफायलेटिक शिकवायला जाऊ नये, पण पेपरात लिहिताना जपून. जाता जाता अजून एक, सुंगटं, म्हणजे कोळंबी, आणि कुर्ल्या, म्हणजे खेकडे, आठ पायांच्या कोळ्यापेक्षा झुरळाच्या जवळच्या, कारण सगळे कीटक कवचधारींच्या फांदीतूनच निघालेत. आणि तिसऱ्या नि माणकी, म्हणजे स्क्विड, एक शिंपल्यात बसलेली आणि दुसरी पोहणारी, त्या दोघी मात्र खरंच एका घरच्या, मृदुकाय. हॉटेलात तिसऱ्या आणि सुंगटं एकाच शेलफिशच्या पानावर असतात त्याकडे बघू नको.

शेजारी लिहिले म्हणजे जवळचे का, या प्रश्नाचं उत्तर आता तुलाच देता येईल, तरी एक युक्ती सांगते. पाळण्यावर टांगतात ते लाकडी चिमण्यांचं खेळणं आठव, काड्या दोऱ्यांनी एकमेकींना लटकवलेल्या. वारा आला की प्रत्येक काडी फिरते, डावीकडची चिमणी उजवीकडे जाते, पण कुठली चिमणी कुठल्या काडीला बांधलीय ते बदलत नाही. झाडाची आकृती म्हणजे ते खेळणं. नोडपाशी फांद्या हव्या तशा फिरवता येतात. वरून खाली मोरी, बांगडा, बेडूक, मगर, कोंबडी, माणूस असं लिहिलंय, त्यात कोंबडी आणि माणूस शेजारी आले म्हणून नातं ठरत नाही, तू मगर-कोंबडीची काडी फिरव, लगेच मगर माणसाच्या शेजारी येईल. बोटाने टोकापासून मागे मागे जायचं आणि दोन बोटं कुठे भेटतात ते बघायचं, टोकांकडे आडवं बघायचंच नाही. आणि टोकाला शेवटी माणूस लिहायची ही जी सवय आहे ना, तिने फार नुकसान केलंय, वाटतं की सगळं आपल्याकडे चढत चढत आलं. बांगड्याला पण तितकीच कोटी वर्षं झालीत जितकी आपल्याला, तो काही अर्धवट राहिलेला माणूस नाही.

डीएनएचं आता. प्राण्यांत नेहमी वापरतात तो मायटोकॉन्ड्रियातल्या सीओआय या जीनचा साधारण ६५० अक्षरांचा तुकडा, बारकोड म्हणून तो २००३ पासून चालू झाला. तुकडा वाचायचा, बाकीच्यांच्या तुकड्यांखाली अक्षराखाली अक्षर येईल असा मांडायचा, याला अलाइनमेंट, मग सॉफ्टवेअर सांगतं की हे फरक कमीत कमी गडबडीने कुठल्या झाडात बसतात किंवा कुठल्या झाडावर जास्त शक्य वाटतात. मुलं मेगा सॉफ्टवेअरमध्ये टाकतात, बटन दाबतात, झाड येतं, खूश. झाड नेहमीच येतं रे. तू चार चपला आणि एक छत्री टाकलीस तरी येईल.

माझीच फजिती सांगते. पहिल्या पहिल्या वर्षांत आम्ही कुर्ल्यांचे नमुने घेऊन एका प्रयोगशाळेत गेलो होतो, सीक्वेन्स आले, मी डेटाबेसशी जुळवून न बघता थेट झाड काढलं, आणि त्यात पाच कुर्ल्या एकीकडे आणि सहावी एकदम लांब, भली मोठी फांदी काढून बसलेली. दोन दिवस मी हवेत, नवीन जात, कदाचित नवीन जीनस. तिसऱ्या दिवशी एका ज्युनियर मुलीने तो सीक्वेन्स ब्लास्टला, म्हणजे डेटाबेसशी जुळवून बघणाऱ्या प्रोग्रॅमला, टाकला. माणूस. ग्लोव्ह न घालता नमुना कापलेला, बहुतेक मीच. तेव्हापासून माझा नियम, आधी ब्लास्ट मग झाड, आणि खूप लांब फांदी दिसली की आनंदाच्या आधी संशय.

आउटग्रुप नीट निवड. झाडाला मूळ कुठे आहे हे अक्षरं स्वतःहून सांगत नाहीत, म्हणून नक्की बाहेरचा पण फार लांबचा नसलेला एक घ्यायचा. बांगडा, इसवण म्हणजे सुरमई, कुपा म्हणजे टूना, यांचं झाड काढायचंय, तिघं एकाच कुळातले, तर पापलेट बाहेरचा म्हणून चालेल, शिंपल्यातली तिसरी घेतलीस तर ती इतकी लांब की अक्षरं योगायोगाने जुळायला लागतात. आणि फांद्यांवर जे आकडे येतात, बूटस्ट्रॅप, १९८५ मध्ये जोसेफ फेल्सेनस्टाइनने आणलेला, त्याचा अर्थ ९८ आला म्हणजे ९८ टक्के खरं असा नाही. तुझ्याच अलाइनमेंटचे उभे रकाने पिशवीतून परत परत चिठ्ठ्या काढल्यासारखे उचलले, हजार वेळा झाड काढलं, आणि त्यात ती फांदी किती टक्के वेळा आली तो आकडा. डेटाच चुकीचा असेल तर माझी माणूस-कुर्ली सुद्धा १०० ने येते, आली होती.

आणि आता ती परतफेड. मायटोकॉन्ड्रियाचा डीएनए बहुतेक प्राण्यांत फक्त आईकडून येतो. म्हणजे सीओआयचं झाड हे वांगडाच्या बरोबर उलटं, आई, आजी, पणजी, त्यात बापांना जोण नाही. ऐकायला बरं वाटतं, पण त्यातच त्याची मर्यादा, ते एका जीनचं झाड आहे, जातीचं नाही. दोन जवळच्या जातींत कधी संकर झाला असेल तर आईकडची गोष्ट एक आणि केंद्रकातल्या जीन्सची दुसरी निघते. म्हणून आता एका तुकड्यावर कोणी मोठा दावा करत नाही, शेकडो जीन्स घेतात. बॅक्टेरियात तर जीन्स शेजाऱ्याकडून शेजाऱ्याकडे पण जातात, तिथे झाडाची जाळी होते.

पण एकाच रेणूने केवढं उलथवलं ते पण बघ. १९७७ मध्ये कार्ल वूझ आणि जॉर्ज फॉक्स यांनी रायबोसोमच्या आरएनएची तुलना केली आणि कळलं की आपण ज्यांना बॅक्टेरिया म्हणत होतो त्यातला एक गट बॅक्टेरियापासून पार वेगळा आहे, आर्किया. त्यातले मीठ आवडणारे रायबंदरकडच्या मिठागरांत पण राहतात, एप्रिल-मेमध्ये पाणी आटत आलं की कधी कधी गुलाबी झाक येते ना, त्यात त्यांचा हात असतो. सूक्ष्मदर्शकाखाली बॅक्टेरियासारखेच ठिपके. नात्याने मात्र बॅक्टेरियापेक्षा आपल्या जवळचे. दिसण्यावर जाऊ नको हे मी खारफुटीपासून सांगतेय, पण याहून वरचं उदाहरण मला मिळालेलं नाही.

माकडांचं उरलं. आज बोंडल्याच्या अभयारण्यात उड्या मारतंय त्या माकडापासून माणूस झालेलाच नाही, त्याचे आणि आपले पूर्वज अडीच-तीन कोटी वर्षांमागे एक होते, त्याची फांदी वेगळी, आपली वेगळी. चिंपांझीशी आपलं ६०-७० लाख वर्षांमागे जुळतं, आणि चिंपांझी गोरिलापेक्षा आपल्या जवळचा. माकडं अजून का आहेत हे विचारणं म्हणजे माझा चुलतभाऊ अजून जिवंत का आहे विचारण्यासारखं.

प्रॅक्टिकलच्या जर्नलला झाड काढायला सांगतील, तेव्हा पुस्तकातलं कॉपी करू नको. चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी, जवळ आलीय, घरात माटोळी, म्हणजे गणपतीवर फळंफुलं टांगायची चौकट, बांधतील, तिच्यातले दहा जिन्नस घे आणि त्यांचं झाड लाव. सुरुवात मी करून देते, नारळ आणि सुपारी सख्खे, केळं त्यांच्याच मोठ्या फांदीवरचं पण लांबचं, बाकी बहुतेक दुसऱ्या फांदीवर. आंबाडे आंब्याच्या आणि काजूच्या कुळातले, निरफणसाचं कुळ देवळासमोरच्या पिंपळाचंच. तोरिंजन, तवसं, दोडकी, डाळिंब तू लाव, आणि डाळिंबाच्या शेजारी कंसात चिपी लिहायला विसरू नको. फांद्या पेन्सिलने काढ, खोडाव्या लागणार आहेत. झालं की फोटो काढून पाठव, चवथीच्या सुट्टीत मी घरीच असते.